आमच्या कंपाउंड वॉलवरचे वारली

गेल्या महिन्यात आमच्या मुंबईतल्या सोसायटीची कंपाउंड वॉल रंगवली. गेरूसारखा रंग आणि त्यावर पांढऱ्यात वारली चित्रं, तारप्याभोवती (फुंकून वाजवायचं वाद्य) गोल धरून नाचणारी माणसं, दोन ताडाची झाडं, एक बैलगाडी. छान दिसतंय, खोटं कशाला बोलू. पण मीटिंगमध्ये मी म्हटलं होतं की अहो आरेचं जंगल इथून रिक्षाने दहा मिनिटांवर, तिथे वारली आदिवासींचे पाडे आहेत, त्यांच्यातल्याच कुणाला बोलवू आणि नीट पैसे देऊ. तर म्हणे पेंटर स्टेन्सिल घेऊन येतो, दोन दिवसात काम होतं. वाईट वाटलं खरंच.

मुळात हे चित्र नुसतं सजावटीचं नव्हतंच ना. लग्नघरात कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने सवाशिणी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायच्या (काढायच्या नाही, लिहायच्या). मधोमध पालघट, झाडाझुडपांची देवी, आणि भोवती सगळं रान. म्हणजे भात पिकला तर पीठ, रान असेल तर काडी. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंनी ते कागदावर नेलं, त्यांना 2011 ला पद्मश्रीही मिळाली, पण ते यायच्या आधी मुख्यतः बायकांचंच काम हे.

आणि आपण काय केलं, शहरात नाचाचा गोल तेवढा आणला. फ्लायओव्हरखाली, हॉटेलात, कुर्त्यावर, सगळीकडे वारली, आणि आरेतले वारली जे अजून वाघोबाला पुजतात, बिबट्याच्या शेजारी राहतात, त्यांचं रान मात्र मेट्रो कारशेडला. 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या, 7 तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोवर 2,141 झाडं गेली होती. त्याच्याही आधी प्रजापूरपाड्यातली कुटुंबं उठवून एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमध्ये नेली. तिथे सारवायला भिंत कुठली आणि पेरायला जमीन कुठली? मेट्रो मलाही हवी होती, रोज लोकलला लटकलेय मी, पण त्याची किंमत कोणी मोजली हे तरी मान्य करूया की.

गेटजवळची भिंत अजून कोरी आहे. पुढच्या जनरल बॉडीत परत विषय काढणारे. जास्तीचे पैसे लागले तर माझ्याकडून घ्या, पण पाड्यावरच्या माणसाला बोलवा, काय काढायचं ते त्यालाच ठरवू दे, आणि चित्राखाली त्याचं नाव हवं.