खुलासा: दुधाची पिशवी आणि मसाल्याचा पाऊच एकाच प्लास्टिकचे नाहीत

मुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की दुधाची पिशवी असो वा मसाल्याचा पाऊच, कोणत्याही लवचिक वेष्टनाचे पुनर्चक्रण होत नाही, म्हणून ते वेगळे ठेवणे व्यर्थ आहे. हे चुकीचे आहे.

दुधाच्या पिशवीत थर अनेक असले तरी ते सारे पॉलिइथिलीन या एकाच प्रकारच्या प्लास्टिकचे असतात, त्यामुळे ती वितळवून पुन्हा प्लास्टिकचे दाणे करता येतात. महाराष्ट्राने 2018 च्या प्लास्टिकबंदीत तिला सवलत दिली, तीही जाडी 50 मायक्रॉनपेक्षा अधिक आणि परतीची किंमत (रिकामी पिशवी परत दिल्यावर मिळणारे पैसे) छापलेली असावी, या अटींवर. मसाल्याच्या चकाकत्या पाऊचमध्ये मात्र बहुधा बाहेर पॉलिएस्टर हे वेगळे प्लास्टिक, मध्ये ॲल्युमिनियमचा थर आणि आत पॉलिइथिलीन असे चिकटवलेले असते. हे थर सुटे करणे कठीण व खर्चिक असते. म्हणूनच आता उद्योग आतबाहेर पॉलिइथिलीनच वापरणाऱ्या एकपदार्थी पाऊचकडे वळतो आहे, जरी ओलावा आणि प्राणवायू रोखण्याची क्षमता टिकवणे हे त्यातले खरे आव्हान आहे.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, कारण तो चिमुकला तुकडा कोणीही वेचत नाही. रिकामी पिशवी धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात द्यावी.