बहिणाबाईंचं नाव घेऊन वही बंद करू नका

‘प्रतिभा जन्मजातच असते. बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या? उजव्या मेंदूच्या माणसांनाच ती लाभते. सुचत नसेल तेव्हा लेखणीला हात लावू नये, प्रेरणा आपणहून येते.’ हा मजकूर मला तीन व्हॉट्सॲप गटांतून आला. माझ्या मावसबहिणीलाही आला. तिला दोन महिने काही सुचत नव्हतं. हे वाचून तिनं कवितेची वही कपाटात टाकली. म्हणून हा खटाटोप.

आधी बहिणाबाई. त्या शाळेत गेल्या नाहीत, हे खरं. पण शिकल्याच नाहीत, हे कुणी सांगितलं? जात्यावर बसणाऱ्या बाईला ओवीचा साचा, चाल, यमकाची जागा आई-आजीच्या तोंडून लहानपणापासून मिळत असे. पहाटे उठून दळायचं आणि दळताना गायचं, हा वर्षानुवर्षांचा रियाजच होता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या सगळ्या बायका काय दैवी अपवाद होत्या? बहिणाबाई त्यांच्यात असामान्य होत्या, यात शंका नाही. पण त्या त्याच जात्यावर घडल्या.

‘प्रतिभा’ हा शब्द ज्या काव्यशास्त्रातून आपण उचलतो, तेही या मजकुराच्या बाजूनं नाही. ‘काव्यप्रकाश’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणाऱ्या मम्मटानं काव्याच्या निर्मितीमागे शक्ती (म्हणजेच प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास अशा तीन गोष्टी सांगितल्या, आणि पुढे मुद्दाम स्पष्ट केलं: ‘हेतुर्न तु हेतवः’. ही तीन वेगळी कारणं नव्हेत. तिन्ही मिळून एकच कारण. एकटी शक्ती पुरत नाही.

उजव्या मेंदूचं थोडक्यात. मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांना 1981 साली नोबेल मिळालं ते मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या कामाबद्दल. त्यांनी ज्यांच्यावर प्रयोग केले, त्यांच्या अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पट्टा अपस्माराच्या उपचारासाठी कापलेला होता. तुमचा-माझा तो शाबूत आहे. 2013 साली युटा विद्यापीठात हजाराहून अधिक लोकांच्या मेंदूंची चित्रं तपासली, तेव्हा ‘उजव्या मेंदूची’ आणि ‘डाव्या मेंदूची’ अशी माणसं काही सापडली नाहीत.

सर्वांत घातक सल्ला शेवटचा, वाट बघण्याचा. विसावा घ्यावा, नक्कीच. खूप झटापट केल्यावर अडलेली ओळ भाजी निवडताना सुटते. पण आधी ती झटापट हवी. रांगोळीचंच बघा. सारवलेल्या मोकळ्या अंगणासमोर हात थबकतो. अकरा ते सहा ठिपके मांडले की पहिली रेघ कुठून काढायची ते दिसू लागतं. ठिपके मांडायला प्रेरणा लागत नाही, आणि अडलेल्या माणसाला नेमकं तेवढंच हवं असतं: छोटा साचा, ठरलेली वेळ, आणि बिघडलं तर उद्या पुसता येईल असं अंगण.

आणखी एक गोष्ट हा मजकूर विसरतो. बहिणाबाईंच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवल्या, म्हणून 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, त्या पुस्तकात आल्या. घरात ऐकणारं कुणी होतं.

मावसबहिणीला मी म्हटलं, रोज रात्री मला एकच ओवी पाठव, कशीही. कालच्या ओवीत कुकरच्या शिट्ट्या आहेत. दुसरी ओळ अजून अडलीय.