दंड भरा आणि मत द्या, पण दंड किती? फ्लोरिडाच्या दुरुस्तीबद्दलच्या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतल्या निवडणुकांचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. तो साधारण असा: "फ्लोरिडात डेमोक्रॅट पक्षाने बाहेरचा पैसा ओतून घटनादुरुस्ती केली आणि खुनी-बलात्काऱ्यांना मतदार बनवलं. तुरुंगातून सुटलेली माणसं नुसती चेहरे म्हणून पुढे केलेली. माफीचा रस्ता आधीपासून होताच. आता हेच लोक कोर्टाचा दंड बुडवून मत मागतात, आणि बोगस मतदान करताना पकडलेही गेलेत."

पैशाबद्दलची गोष्ट यात अर्धी खरी आहे. बाकीचं एकेक घेऊ.

"खुनी-बलात्काऱ्यांना मत दिलं." हे सरळ चूक आहे. 6 नोव्हेंबर 2018 रोजी मंजूर झालेल्या दुरुस्ती क्रमांक 4 मध्येच लिहिलंय की खून आणि लैंगिक अत्याचाराच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना ती लागू नाही. त्यांना पूर्वीसारखंच माफी मंडळाकडे जावं लागतं. 'कैद्यांना मतदान' हा शब्दप्रयोगही चुकीचा. दुरुस्ती शिक्षा, पॅरोल, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहणं) सगळं पूर्ण केलेल्यांना मताचा हक्क परत देते. आत असलेल्या कुणालाही तिने मत दिलेलं नाही.

आपल्याकडे हा घोळ होतो त्याचं कारण समजण्यासारखं आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 62(5) प्रमाणे तुरुंगात असेपर्यंत मत नाही, कच्च्या कैद्यालाही नाही. पण बाहेर आलात की मत पुन्हा तुमचंच. त्यामुळे 'सुटलेल्यांना मत मिळावं म्हणून चळवळ' ही गोष्टच आपल्याला कळत नाही. फ्लोरिडात 1868 च्या राज्यघटनेपासून फेलनीत, म्हणजे राज्याच्या तुरुंगात एका वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात, दोषी ठरलं की मत जन्मभर जायचं. आणि फेलनी म्हणजे दरोडाच असं नाही. 2019 पर्यंत 300 डॉलरच्या मालाची चोरी तिथे फेलनी होती. मग मर्यादा 750 डॉलरवर नेली. दुकानातून एक फोन उचलला, प्रोबेशन भोगलं, वीस वर्षं सरळ नोकरी केली, तरी मत नाही. शिक्षा पूर्ण करूनही मत नसलेले असे सुमारे 14 लाख लोक होते.

"डेमोक्रॅट पक्षाचा खेळ." त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नरची निवडणूक होती. रिपब्लिकन रॉन डिसँटिस सुमारे 40 लाख 76 हजार मतांनी निवडून आले; त्यांची आघाडी जेमतेम 32 हजारांची. दुरुस्ती 4 ला मिळाली 51 लाखांहून जास्त मतं, जवळपास 64.5 टक्के. म्हणजे डिसँटिसना मत देणाऱ्या लाखो लोकांनी खालच्या रकान्यात दुरुस्तीला 'हो' म्हटल्याशिवाय हा आकडा येतच नाही. घटनादुरुस्तीला तिथे 60 टक्के लागतात, निम्म्यांहून एक जास्त असून भागत नाही. उजव्या विचारांचे अब्जाधीश उद्योगपती कोक बंधू यांच्या वर्तुळातल्या फ्रीडम पार्टनर्स या संघटनेनेही दुरुस्तीला जाहीर पाठिंबा दिला होता, आणि त्यांना डेमोक्रॅट कुणी म्हणणार नाही.

"बाहेरचा पैसा, पुढे केलेले चेहरे." पैसा बाहेरूनही आला, हे खरं. एसीएलयूसारख्या (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) राष्ट्रीय संस्थांनी मोठ्या रकमा दिल्या. पण पैसा कशाला लागतो ते पाहा. फ्लोरिडात लोकांच्या अर्जावर घटनादुरुस्ती मतदानाला न्यायची तर मागच्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या मतदानाच्या 8 टक्के सह्या लागतात. 2018 साठी हा आकडा होता 7 लाख 66 हजार 200. त्याही राज्यभर पसरलेल्या हव्यात, निम्म्या काँग्रेस (अमेरिकी संसद) मतदारसंघांतून. एका कागदावर एकच सही. प्रत्येक कागद त्या-त्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयात मतदारयादीशी पडताळला जातो, आणि त्या पडताळणीची फी अर्ज करणाऱ्याने भरायची. तेव्हा सही फक्त दोन वर्षं टिकायची आणि मुदत 1 फेब्रुवारीला संपायची. पत्ता जुना, सही जुळत नाही, तारीख राहिली, की कागद बाद. म्हणून लाखो सह्या जास्तीच्या गोळा कराव्या लागतात. शिवाय मतपत्रिकेवर येण्याआधी मसुदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून पार व्हावा लागतो: विषय एकच, शीर्षक 15 शब्दांत, सारांश 75 शब्दांत. हे सगळं पदरमोड करून होत नाही, कुठल्याच पक्षाचं होत नाही.

चेहऱ्यांचं म्हणाल, तर मोहीम चालवणाऱ्या फ्लोरिडा राइट्स रिस्टोरेशन कोअलिशनचे प्रमुख डेझमंड मीड स्वतः तुरुंग भोगून आलेले. 2005 मध्ये ते मायामीत बेघर होते. पुढे शिकत गेले आणि 2014 मध्ये कायद्याची पदवी घेतली. 2016 मध्ये त्यांची पत्नी राज्य विधिमंडळाची निवडणूक लढवत होती आणि त्यांना तिला मत देता येत नव्हतं. त्यांचे सहकारी नील व्होल्झ हे रिपब्लिकन काँग्रेस सदस्याचे माजी चीफ ऑफ स्टाफ, वॉशिंग्टनमधल्या एब्रामॉफ लाचखोरी प्रकरणात दोषी ठरलेले. खून आणि लैंगिक गुन्हे वगळण्याचा निर्णय या मोहिमेच्या मसुद्यातलाच. तो कडू होता, कारण सोबतीचेच काही लोक बाहेर राहिले. पण 60 टक्क्यांचा उंबरठा ओलांडायचा तर तो घ्यावा लागला. नुसत्या दिखाव्याच्या माणसांच्या वाट्याला असले निर्णय येत नाहीत.

"माफीचा रस्ता होताच." रस्ता होता, पण चालू नव्हता. गव्हर्नर आणि मंत्रिमंडळातले तीन सदस्य यांचं मंडळ वर्षातून चारदा राजधानी टॅलाहासीत बसायचं, आणि गव्हर्नर नाही म्हणाले की विषय संपला. 2011 नंतर अर्ज करण्याआधीच पाच ते सात वर्षं थांबायची अट आली. गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांच्या चार वर्षांत सुमारे दीड लाख लोकांचे हक्क परत मिळाले होते; त्यांच्यानंतरचे गव्हर्नर रिक स्कॉट यांच्या आठ वर्षांत जेमतेम तीन हजारांचे.

आता मुख्य मुद्दा. "दंड बुडवून मत मागतात."

जून 2019 मध्ये विधेयक 7066 वर सही झाली आणि 'शिक्षा पूर्ण' याचा अर्थ ठरला: दंड, कोर्ट फी आणि पीडितांची भरपाई, सगळं चुकतं झाल्यावर. दुरुस्तीच्या बाजूच्या लोकांनी इथे प्रामाणिक राहायला हवं. दुरुस्तीत 'शिक्षेच्या सर्व अटी' असेच शब्द आहेत, 2017 च्या सुनावणीत मोहिमेच्या वकिलानेच त्यात दंड येतो असं मान्य केलं होतं, आणि जानेवारी 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ लावला. शब्दांवर भांडून उपयोग नाही. खरा प्रश्न आहे: भरायचे किती, हे सांगणार कोण?

एका साध्या फेलनी खटल्याचा कागद घ्या. गुन्हा कुठलाही असो, 225 डॉलर कोर्ट खर्च. वकील परवडत नाही म्हणून सरकारने दिलेला बचावाचा वकील हवा तर अर्जाचे 50, त्याच्या कामाचे किमान 100. दंडाचा आकडाही न लिहिता 375 झाले. कोकेनच्या तस्करीचा खटला असेल तर 28 ते 200 ग्रॅमसाठी सक्तीचा दंड 50 हजार डॉलर. हप्ते पाडून घेतले तर त्याची वेगळी फी. थकलं की बाकी वसुली एजन्सीकडे, आणि एजन्सीला 40 टक्क्यांपर्यंत जादा लावता येतात. कायद्यानुसार मतासाठी फक्त मूळ निकालपत्रातली रक्कम धरायची, नंतर चढलेली नाही. पण कोर्टाच्या नोंदी सांभाळणाऱ्या क्लार्कच्या खातेवहीत दोन्ही एकत्र असतात. दहा वर्षांत भरलेले हप्ते मुळात गेले की एजन्सीच्या खिशात, हे बऱ्याचदा कुणालाच सांगता येत नाही. भरपाई थेट पीडिताला दिली असेल तर तिची नोंदच नसते. 67 काउंट्या, प्रत्येकीची नोंदवही वेगळी, जुनी निकालपत्रं मायक्रोफिल्मवर किंवा गहाळ.

या अटीविरुद्धच्या खटल्यात हे तपासून पाहिलं गेलं. तज्ज्ञांच्या गटाने 153 माणसं यादृच्छिक पद्धतीने निवडली आणि त्यांची बाकी शोधली. तीन सोडून सगळ्यांच्या नोंदींत विसंगती निघाली. राज्य सरकारकडे तेव्हा 85 हजार मतदार अर्ज तपासणीसाठी पडून होते आणि एकाचीही तपासणी पूर्ण झाली नव्हती. दिवसाला सरासरी 57 या गतीने काम सुरू झालं तरी ते संपायला 2026 उजाडेल, असा हिशोब निघाला. मे 2020 मध्ये न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. सप्टेंबरमध्ये अपील कोर्टाने 6 विरुद्ध 4 मतांनी तो निकाल फिरवला. अट कायम राहिली आणि नोंदींचा गोंधळही.

बुडवेगिरीचा आरोप करण्याआधी आणखी एक आकडा पाहावा. फेलनी खटल्यांतली वसुली किती व्हावी, याचं राज्यातल्या कोर्ट क्लार्कांनी ठरवलेलं उद्दिष्ट होतं 9 टक्के. हा पैसा येणार नाही हे यंत्रणेला ठाऊक होतं. उलट वसूल करून दिला तो मीड यांच्या संघटनेने: 2020 मध्ये दोन कोटी डॉलरहून जास्त देणग्या जमवून तिने हजारो लोकांची बाकी भरली. दंड बुडवणारे असं करत नाहीत.

"बोगस मतदानात पकडले." ऑगस्ट 2022 मध्ये 20 जणांना अटक झाल्याचं गव्हर्नरांनी जाहीर केलं. हे लोक वगळलेल्या गुन्ह्यांतले, म्हणजे मतदानाला अपात्र होते, हे खरं. पण त्यांतल्या अनेकांनी रीतसर अर्ज केला होता आणि निवडणूक कार्यालयाने त्यांना मतदार कार्ड घरी पाठवलं होतं. अपात्र आहोत हे माहीत असून मुद्दाम मत दिलं, तरच तो गुन्हा होतो. आणि सरकारी कार्ड हातात असलेल्या माणसाला ते माहीत होतं, हे सिद्ध करणं सोपं नाही. 2023 मध्ये कायदा बदलून कार्डावरच छापायला लावलं की हे कार्ड मतदानाच्या पात्रतेचा पुरावा नाही.

तिथे राहणाऱ्या कुणाला हे विचारलं गेलं तर सांगायची पद्धत अशी. आधी जिथे-जिथे खटला झाला त्या प्रत्येक काउंटीच्या क्लार्ककडून निकालपत्राची प्रत घ्या, नुसती बाकीची पावती नको. गुन्हा वगळलेल्या यादीत नाही ना, ते पाहा. निकालपत्रातली रक्कम आणि आजवर भरलेली एकूण रक्कम शेजारी-शेजारी मांडा. भरलेली जास्त किंवा समान असेल तर अडचण नाही. कमी असेल आणि पैसे नसतील तर रकमेऐवजी समाजसेवेचे तास मागण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. खटला दुसऱ्या राज्यातला असेल तर तिथला नियम लागतो; न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरलेले डोनाल्ड ट्रम्प 2024 मध्ये फ्लोरिडात मत देऊ शकले ते यामुळेच. शंका उरली तर राज्याच्या निवडणूक विभागाकडे लेखी सल्ला मागा आणि उत्तर येईपर्यंत मत देऊ नका. त्या लेखी उत्तरावर विसंबून प्रामाणिकपणे वागलेल्याला खटल्यापासून संरक्षण आहे. काउंटरवर तोंडी मिळालेल्या 'हो'ला ते नाही.