"आयकू येत नाई का बे?"

हे वाक्य आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घराघरात आहे. माय चुलीपासून ओरडते, बाप धुऱ्यावरून ओरडतो, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मी स्वतः 21 वर्षं हेच ओरडत आलो. विचारायचं आणि उत्तराची वाट न पाहता पाठीत धपाटा घालायचा. चार वर्षांपूर्वी तिसरीतल्या एका पोट्ट्यानं मला या प्रश्नाचं उत्तर दिलं. मान खाली घालून म्हणाला, "या कानानं नाई येत, सर."

उंच आहे म्हणून त्याला मी जूनपासून मागच्या रांगेत बसवलं होतं. शुद्धलेखन सांगितलं की भलतेच शब्द लिहायचा. काही करायला सांगितलं की आधी शेजारच्याकडे पाहायचा, तो काय करतो ते बघून तसंच करायचा. त्याच्या नोंदवहीत मी "वर्गात लक्ष नाही" असं लिहिलं होतं. ते माझं अक्षर आजही तिथं आहे, आणि ते आठवलं की मला आतून लाज वाटते.

त्याच्या घरी गेलो. माय म्हणाली, "कान फुटते न त्याचा पावसाळ्यात. मोठा झाला का जाईल." लसूण घालून कडवलेलं तेल कानात सोडणं चालू होतं. तिचा दोष नाही. कान फुटणं ही आपल्याकडे सर्दीसारखी गोष्ट झाली आहे. लहान लेकरांत नाकाच्या मागून कानात जाणारी नळी आखूड आणि जवळपास आडवी असते, त्यामुळे सर्दीचा संसर्ग सहज मधल्या कानात शिरतो. तिथं पू साचतो, ठणका लागतो, पडद्याला भोक पडतं आणि पू बाहेर येतो. पू वाहिला की ठणका थांबतो, म्हणून घरच्यांना वाटतं लेकरू बरं झालं. भोक मात्र अनेकदा तसंच राहतं. मग नाल्यातलं पाणी, डोक्यावरून आंघोळ, वरून तेल, आणि दर पावसाळ्यात पुन्हा तेच. त्या पोराला शाळेत तपासणीला आलेल्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. पुढे मेडिकल कॉलेजात त्याचा पडदा बसवला, पैसे लागले नाहीत. ज्या कानातून घाण वास मारणारा पू येतो, त्याबाबत तर एक दिवसही थांबू नका. त्यात कधी कधी आतलं हाड पोखरणारा आजार असतो आणि तो मेंदूपर्यंत पोचू शकतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी जीव तोडून सांगतो आहे: आपल्या गावात कमी ऐकू येणं हा आजार आहे असं कोणाला वाटतच नाही. आपण त्याला स्वभाव समजतो. लेकरू असलं तर ढ, बाई असली तर गर्विष्ठ, म्हातारा असला तर हेकट. इथंच वर्षं वाया जातात.

आमच्याच गल्लीतली एक पोट्टी अडीच वर्षांची होईस्तोवर एक शब्द बोलली नाही. आजी म्हणायची, हिचा बापही उशिराच बोलला. मग पोपटानं उष्टावलेला पेरू चारून झाला, कोणी सांगितलं म्हणून जिभेखालची तार कापून झाली. ऐकू येतं का ते पाहायला आजीनं समोर बसून थाळी वाजवली. पोरगी वळली, घर निश्चिंत झालं. थाळी वाजवणारा हात लेकराला दिसतो हो! आणि अर्धवट ऐकणाऱ्या लेकरालाही थाळीचा दणका ऐकू जातो, पण "पाणी", "ये", "दूध" ऐकू जात नाही. जे शब्द कानात गेलेच नाहीत ते तोंडातून कसे येतील? जिभेचा इथं काय संबंध?

बाळ जन्मलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीसुद्धा ऐकण्याची तपासणी होते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं बोंडुक ठेवतात, दोन मिनिटांचं काम, सुई नाही, त्रास नाही. तिला ओएई म्हणतात. त्यात शंका आली तर बेरा नावाची तपासणी, ती कानापासून मेंदूपर्यंतचा रस्ता पाहते. जगभर धरलेला हिशोब असा आहे: पहिली तपासणी 1 महिन्याच्या आत, निदान 3 महिन्यांच्या आत, उपाय 6 महिन्यांच्या आत. आमच्या गल्लीतल्या पोरीचं निदान झालं तेव्हा ती तीन वर्षांची होत आली होती. तिला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, सरकारी योजनेतून मिळालं, हे मोठंच. पण शस्त्रक्रियेनंतर बोलायला शिकवण्याचं काम वर्षानुवर्षं चालतं, आणि प्रत्येक खेपेला नागपूरला जायचं म्हणजे मायची एक दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. यंत्र फुकट मिळतं, त्यामागची ही धावपळ कोणाच्या योजनेत मोजलेली नाही. तालुक्याला एक वाचा-श्रवण तज्ज्ञ आठवड्यातून एकदा बसावा, ही मागणी मी ग्रामसभेत मांडली आहे आणि मांडत राहणार.

ज्या बाळाला काचेत ठेवावं लागलं, जे जन्मतः उशिरा रडलं, वजनानं फार कमी होतं, ज्याला जास्त कावीळ झाली, किंवा ज्याच्या घराण्यात आधीच कोणी बहिरं आहे, त्याची तपासणी तर व्हायलाच हवी. मामाच्या पोरीशी लग्न आपल्यात सर्रास होतं, त्यातून आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते. गरोदरपणात सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय सगळं धोक्यात येतं. 2018 च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम शाळेत आली तेव्हा अफवांमुळे माझ्या वर्गातली काही पोरं घरी दडवून ठेवली होती. मी दारोदार फिरलो. ती सुई दंडात टोचली तरी ती कान वाचवते, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आज सांगतो.

आता बाबांबद्दल. बाबांनी जवळपास 30 वर्षं बिनकेबिनचा ट्रॅक्टर चालवला आणि हंगामात मळणी यंत्रावर उभे राहिले. डेसिबल हे आवाजाचं माप. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसावा, त्याच्या वर दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे 91 ला दोनच तास. मळणी यंत्राजवळचा आवाज सहज 90 च्या पुढं जातो आणि आमचे लोक तिथं पहाटेपासून रात्रीपर्यंत असतात. जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीतल्या, बायांचंही तेच. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. दुपट्टा बांधून धूळ अडते, आवाज फारसा अडत नाही. फोमचे इअरप्लग काही रुपयांत मिळतात. या हंगामात मळणीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक जोडी असावी असं मला वाटतं. आणि पोळ्याला, वरातीत डीजेच्या भिंतीपुढं खांद्यावर लेकरू घेऊन नाचणाऱ्या बापांना मी हात जोडतो.

बाबा म्हणायचे, "आवाज येते रे, बोल नाई समजत." मला हे वर्षानुवर्षं कळलं नाही. नंतर कळलं की आवाजानं आणि वयानं आधी बारीक, उंच सूर जातात. स, श, च, त, फ ही अक्षरं त्याच सुरात असतात. आ, ओ असे स्वर राहतात. म्हणून "साठ" म्हटलं की बाबांना "आठ" ऐकू यायचं. एकदा कापसाच्या हिशोबात व्यापारी साठ हजार म्हणाला, बाबांनी आठ ऐकलं आणि भर बाजारात भांडले. लोक म्हणाले म्हातारा चळला. त्यानंतर त्यांनी पारावर जाणं सोडलं. मग संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना सोडली, ज्यात ते चाळीस वर्षं खंजेरी वाजवत होते. घरात नातू बोलला तर नुसतं हसायचे, कारण बायका-लेकरांचा बारीक आवाज सगळ्यात आधी हरवतो. मी समजत होतो बाबा निवांत झालेत. ते एकटे पडत होते. न ऐकल्यानं माणूस गप्प होतो, आणि उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांत आता डॉक्टर बहिरेपणाही धरतात.

त्यांना पहिलं श्रवणयंत्र एका शिबिरात मिळालं. रांगेत उभं केलं, हातात डबी दिली, फोटो काढला. कोणता सूर किती गेला याचा आलेख नाही, कानाच्या मापाचा साचा नाही. शिट्टी वाजायची, भांड्यांचा आवाज डोक्यात घुसायचा. आठ दिवसांत यंत्र पेटीत गेलं. अशी किती यंत्रं आपल्या गावांतल्या पेट्यांमध्ये पडून आहेत! दुसऱ्यांदा मी त्यांना नीट तपासणीला नेलं, साचा करून घेतला, आलेखाप्रमाणे यंत्र लावून घेतलं. तरीही पहिले पंधरा दिवस ते वैतागायचे, "पंखा लय वाजते." मेंदू हे आवाज विसरलेला असतो, त्याला पुन्हा सवय व्हायला आठवडे लागतात. आधी घरात एक तास, मग दोन, मग अंगणात, शेवटी बाजारात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या गरजूंना 3000 रुपये मिळतात, त्यात श्रवणयंत्रही धरलेलं आहे. बऱ्या यंत्राला याहून कितीतरी जास्त लागतात, पण अर्ज जरूर करा. बाजारात मिळणारं नुसता आवाज वाढवणारं स्वस्त डबडं मात्र तपासणीविना कानात घालू नका.

आणि घरच्यांनो, ओरडू नका. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, अक्षरं स्पष्ट होत नाहीत. समोर येऊन, उजेडात तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोला.

एक गोष्ट राहिली. माझा चुलतभाऊ एका सकाळी उठला तर एक कान पार बंद. "वारं लागलं" म्हणून बारा दिवस शेक दिला. असं अचानक झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पोचलं पाहिजे, औषधाचा उपयोग सुरुवातीलाच होतो. त्याचा तो कान गेला.

आता मी दर जूनमध्ये वर्गातल्या प्रत्येक लेकराच्या मागं हातभर अंतरावर उभा राहतो. एक कान त्याला बोटानं दाबून हलवत राहायला सांगतो आणि दुसऱ्या कानाला कुजबुजतो: चमचा, साखर, पाऊस. ते शब्द त्यानं परत म्हणायचे. दोन्ही कान असेच पाहतो. पक्की तपासणी ही नव्हे, पण यंदा दोघं सापडली. एकीच्या कानात मळ गच्च बसला होता, तालुक्याच्या दवाखान्यात काढून आणला. दुसऱ्याला जिल्ह्याला पाठवलंय. दोघंही पहिल्या रांगेत आहेत.

शनिवारी यवतमाळला चाललोय, बाबांच्या यंत्राच्या बॅटऱ्या संपत आल्यात. 13 नंबरच्या, केशरी पट्टीच्या. तालुक्याला मिळत नाहीत. पट्टी काढली की हवा लागून त्या चालू होतात आणि आठ-पंधरा दिवसांत संपतात, म्हणून साठा लागतोच. आपल्या बाजूच्या कोणाला हव्या असतील तर नंबर नीट पाहून शुक्रवारपर्यंत कळवा, घेऊन येतो.