खुलासा : रात्रभर ठेवलेलं पाणी आणि स्टिंगरे (चपटा पाकट मासा)

'नळाचं पाणी रात्रभर पिंपात ठेवा, क्लोरीन उडून जातं, मग स्टिंगरेच्या टाकीत बिनधास्त ओता' हा फिरणारा मेसेज मूळचा माझाच. तो अर्धवट आहे. साधं क्लोरीन उडतं, पण क्लोरॅमाइन (काही ठिकाणी नळाच्या पाण्यात असणारं क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) टिकून राहतं. परवा सकाळी पिंपातलं पाणी किटने तपासलं, तर एकूण क्लोरीनचा (म्हणजे क्लोरॅमाइन धरून) गुलाबी रंग तसाच!

नुसत्या थायोसल्फेटने (क्लोरीन मारायच्या साध्या औषधाने) क्लोरॅमाइन फुटतं, पण अमोनिया मागे उरतो. आणि हे पाकट (कोकणात स्टिंगरेला हेच म्हणतात) अमोनियाला फार नाजूक. म्हणून अमोनियाही बांधून ठेवणारं वॉटर कंडिशनर टाकीत ओतण्याआधीच पिंपात घाला, तापमान जुळवा. टाकीतलं पाणी काढण्याआधी हीटर बंद करायला विसरू नका.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा टाका.