सिस्टिममध्ये आहे

परवा कंपनीच्या संगणकात माझ्या नावापुढं एक शेरा पडला : ‘चालकास ट्रेलर सापडला नाही.’ चारच शब्द. वाचणाऱ्याला वाटावं, घराएवढा ट्रेलर यार्डाच्या मधोमध उभा होता आणि मी त्याच्या पोटाखालून वाकून पलीकडं निघून गेलो. खरं वाक्य तीन शब्दांचं होतं : ‘ट्रेलर तिथं नव्हता.’ एक शब्द वाचला असता आणि माझी अब्रूही.

मोठ्या कंपनीत नवा ड्रायव्हर लागला की काय काय होतं, हे सविस्तर सांगत बसत नाही. वर्गात बसवतात, पडद्यावर बाण दाखवतात, चमकणारं जाकीट देतात आणि एक नंबर देतात. त्या क्षणापासून तुमचं नाव फक्त आईला लक्षात राहतं. काम म्हणाल तर सोपं : ओढून आणलेला ट्रेलर यार्डात सोडायचा, दुसरा जोडायचा, निघायचं. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आमच्यात घोडा म्हणतात. कागदावर या अदलाबदलीला वीस मिनिटं धरलेली असतात. हा कागद ज्यानं केला तो यार्डात कधी पायी फिरलेला नसणार.

तर माझ्याकडं घोडा होता, समोर मैदान होतं, फक्त ट्रेलर नव्हता.

मोबाइलवर नंबर आला होता, जागाही आली होती : ओळ चार, खूण सत्तावीस. सव्वीसवर ट्रेलर होता, अठ्ठावीसवर होता, आणि मधे सत्तावीसवर तोंडातला दात पडावा तशी मोकळी जागा. जमिनीवर तेलाचा एक गोल डाग. मी गेटावरच्या केबिनमध्ये गेलो. आत एक काका संगणकापुढं बसलेले. चष्मा कपाळावर, म्हणजे बघायच्या कामातून त्याला निवृत्त केलेलं.

“काका, चार-सत्तावीसवर ट्रेलर नाहीये.”

“आहे.”

“मी आत्ता बघून आलो.”

“मीही आत्ताच बघतोय,” असं म्हणून त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “हा काय. सिस्टिममध्ये आहे.”

“सिस्टिममध्ये असेल, पण जमिनीवर नाही.”

यावर काकांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी घरात भूत आहे म्हणणाऱ्या पोराकडं आजोबा बघतात. “नीट बघा. पांढरा आहे.”

यार्डात तीनशेच्या आसपास ट्रेलर होते. सगळे पांढरे.

गेलो परत. आता नंबर वाचणं हेही एक प्रकरणच आहे. नंबर पुढच्या भिंतीवर असतो, बाजूला असतो आणि मागच्या दारावर असतो. मागचा चिखलानं भरलेला, बाजूचा शेजारच्या ट्रेलरमुळं दिसत नाही, आणि पुढचा वाचायचा तर एकेका ट्रेलरच्या तोंडाशी जाऊन मान वर करावी लागते. पन्नास ट्रेलरनंतर मान तशीच राहते. सात आहे की एक, हे तर पुसलेल्या रंगावर शेवटपर्यंत कळत नाही. (हे सात-एकचं लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.) चौथी ओळ पूर्ण वाचली, तिसरी वाचली, पाचवी वाचली. परत केबिन.

“नाही काका.”

“सत्तावीसच बघितलं ना? की बहात्तर बघितलं?”

“सत्तावीस.”

“कुठून मोजलं?”

“मोजायचं कशाला, खाली आकडा लिहिलाय.”

“ते आकडे जुने आहेत,” काका म्हणाले. “पण बरोबर आहेत.”

या वाक्याचा मी अजून विचार करतोय.

शेवटी काका उठले. कुणी तरी यज्ञाला बसलेल्याला उठवावं तसे उठले. चष्मा खाली आला, जाकीट चढलं, केबिनला कुलूप लागलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं गेलं. आम्ही चालत चार-सत्तावीसपाशी आलो. काका त्या रिकाम्या जागेत बरोबर मधोमध उभे राहिले. उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, वर पाहिलं. वर का पाहिलं ते मला ठाऊक नाही. मग बुटाच्या टोकानं तेलाचा डाग दाबून पाहिला आणि निकाल दिला :

“इथंच असायला पाहिजे.”

“पण नाहीये ना?”

“तसं नाही म्हणता येत,” काका म्हणाले. “सिस्टिममध्ये आहे म्हटल्यावर आहे. फक्त दिसत नाहीये.” आणि मग, इतका वेळ राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता टाकावा तसं : “तुम्ही नवीन ना?”

झालं. नवीन या शब्दापुढं काही चालत नाही. टायर फुटला? नवीन आहे. पाऊस आला? नवीन आहे. ज्याला लागून सात आठवडे झाले, त्याच्यामुळं तीन वर्षांपूर्वीचा ट्रेलरसुद्धा हरवू शकतो. केबिनमध्ये परत जाऊन काकांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, तो चार शब्दांचा शेरा टाइप केला. ट्रेलर शोधायला त्यांनी एवढा वेळ दिला असता तर बरं झालं असतं.

आता ही सिस्टिम म्हणजे काय, ते सांगतो, कारण लोकांना वाटतं आकाशातून कुणी बघत असतं. ट्रेलरवर एक ट्रॅकर बसवलेला असतो हे खरं. पण ट्रेलरला स्वतःचं इंजिन नाही, त्यामुळं वीज नाही. घोड्याची केबल जोडलेली असली की ट्रॅकर चार्ज होतो. सुटा ट्रेलर पडून राहिला की तो आपल्या इवल्याशा बॅटरीवर दम धरतो. बॅटरी संपली की पडद्यावर शेवटची जागा गोठून राहते. बिंदू हिरवा दिसतो, ट्रेलर भलतीकडं. आणि यार्डातली नेमकी जागा तर ट्रॅकर सांगतच नाही, ती ट्रेलर सोडणारा ड्रायव्हर मोबाइलवर भरतो. रात्री दोन वाजता पावसात ज्यानं ट्रेलर सोडला, त्याला सत्तावीसवर जागा मिळाली नाही तर तो कोपऱ्यात लावतो, आणि मोबाइलवर मात्र आधीच आलेल्या सत्तावीसवर ‘ठीक’ दाबतो. सिस्टिम म्हणजे रात्री दोन वाजताचा एका थकलेल्या माणसाचा अंगठा.

माझा ठावठिकाणा मात्र कंपनीला सतत कळतो. काकांकडून बाहेर पडलो तोच डिस्पॅचचा, म्हणजे गाड्या कुठं पाठवायच्या ते ठरवणाऱ्या ऑफिसचा फोन. “तुम्ही अजून यार्डातच दिसताय.” मी म्हटलं, “यार्डातच आहे.” “का?” “ट्रेलर नाहीये.” पलीकडं बटणांचा आवाज. “आम्हाला तर दिसतोय.” सगळ्यांना दिसत होता. एक मीच करंटा.

यात हसण्यासारखं जे नाही, तेही सांगून टाकतो. बहुतेक कंपन्यांत ड्रायव्हरला पैसे धावलेल्या अंतराचे. उभं राहण्याचे कुठं थोडे मिळतात, कुठं मिळतच नाहीत, आणि मिळवायचे तर त्याचा वेगळा अर्ज. पण कायद्याचं घड्याळ अंतर बघत नाही. अमेरिकेत मालट्रकच्या ड्रायव्हरला सलग १० तास विश्रांती घेतल्यावर ११ तास गाडी चालवता येते, पण ती कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांचा थांबा सक्तीचा. नियम चांगलेच आहेत, ते ड्रायव्हरला झोप मिळावी म्हणूनच केले. पण १४ तासांतले दोन तास नंबर वाचण्यात गेले, की ते परत येत नाहीत. मग पुढचा पोचवायचा वेळ हुकतो, आणि तोही शेरा पुन्हा आपल्याच नावावर. ट्रेलर कुणी चुकीच्या जागी लावला, याची नोंद कुठंच नसते.

आणि समजा ट्रेलर सापडला, तरी लगेच जोडून सुटता येत नाही. फिफ्थ व्हील नावाचा प्रकार घोड्याच्या पाठीवर असतो. नावात चाक आहे पण ते चाक नव्हे. ग्रीस फासलेली जाड लोखंडी थाळी, मागच्या बाजूला फट. ट्रेलरच्या पोटाखाली दोन इंच जाडीची किंगपिन लोंबत असते. घोडा सरळ मागं घ्यायचा, पिन फटीतून आत येते, जबडा बंद होतो, खट्ट. एवढ्याशा पिनेवर सगळा डोलारा ओढला जातो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

गडबड उंचीत होते. ट्रेलर थाळीपेक्षा जरासा खाली हवा, म्हणजे घोडा मागं येताना त्याला किंचित उचलत आत शिरतो. सुटा ट्रेलर पुढच्या बाजूला लोखंडी पायांवर टेकलेला असतो. आधीच्या ड्रायव्हरनं हे पाय जास्त फिरवून ट्रेलर उंच ठेवला असेल, तर पिन जबड्यात न जाता थाळीच्या वरूनच सरकते. आवाज येतो, गाडी हलते, हलकासा हिसका दिला तर ट्रेलर ओढलाही जातो. आणि मग पहिल्या उतारावर किंवा वळणावर तो आपला वेगळा मार्ग धरतो. म्हणून मागं घेण्याआधी उतरायचं, उंची बघायची, हँडल फिरवून पाय हवे तसे करायचे. हँडलला दोन गिअर असतात. हलक्या गिअरमध्ये पन्नास फेरे मारले तरी पाय बोटभर हलतो, आणि जड गिअरमध्ये भरलेला ट्रेलर असेल तर हँडल तुम्हालाच फिरवतं. जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून घोडा पुढं ओढून बघायचा. मग बॅटरी घेऊन खाली वाकून, कपडे ग्रीसनं रंगले तरी चालतील, पण जबडा पिनेच्या मागं मिटलाय आणि थाळी व ट्रेलरमध्ये फट नाही, हे डोळ्यांनी बघायचं. खट्ट आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. सिस्टिमवर विश्वास ठेवण्याइतकंच ते धोक्याचं.

मग हवेचे पाइप. लाल पाइपातून ट्रेलरच्या टाकीत हवा जाते. ती गेली नाही तर स्प्रिंगनं आवळलेले ब्रेक सुटतच नाहीत, चाकं जागची हलत नाहीत. नवीन माणूस इथं हमखास इंजिनावर चिडतो. पाइप, विजेची केबल, पाय पूर्ण वर, हँडल अडकवलेलं, दिवे, टायर, हवा गळल्याचा फुसफुस आवाज. एवढं झालं की निघायचं. सोडताना उलटा क्रम, आणि त्यात पाइप काढायला विसरलात तर घोडा पुढं जाताना ते च्युइंग गमसारखे ताणले जातात आणि फटाक्यासारखे तुटतात. सगळं यार्ड वळून बघतं. (मी ऐकलंय.)

रस्त्यावर आलं की दुसरा अपमान. कंपनीनं वेग बांधून दिलेला असतो. समजा माझा नव्वदला बांधलाय आणि पुढच्याचा एकोणनव्वदला. त्याच्या मागं रेंगाळणं जिवावर येतं, म्हणून मी बाहेर काढतो. दोन गाड्यांची लांबी आणि सुरक्षित अंतर धरून साधारण शंभर मीटर तरी पुढं सरकायला हवं. तासाला एक किलोमीटरच्या फरकानं त्याला लागतात सहा मिनिटं, आणि तेवढ्यात आम्ही दोघं शेजारी शेजारी नऊ किलोमीटर जातो. लग्नातल्या जोडीसारखे. मागं मोटारींची वरात, हॉर्न, कुणाची तरी आई-बहीण. त्या मोटारवाल्यांना वाटतं आम्ही मुद्दाम करतो. शेजारच्या ड्रायव्हरनं वेग जरा सोडला तर हे अर्ध्यात आटपेल, पण तोही नवीन असतो, त्यालाही मोबाइलवर काही तरी दिसत असतं.

तर तो ट्रेलर. दुपार कलताना गेटातून एक घोडा आत आला, मागं पांढरा ट्रेलर. ड्रायव्हर खाली उतरला, माझ्याहूनही नवीन, मिसरूड फुटलेलं. त्याच्या कागदावर एक होता तिथं यानं सात वाचला होता, आणि सकाळी माझा ट्रेलर जोडून अर्ध्या रस्त्यापर्यंत जाऊन आला होता. पोरगा घामाघूम. त्यानं ट्रेलर सरळ चार-सत्तावीसवर नेला. तीन वेळा तिरपा झाला, चौथ्यांदा आत बसला. पाय खाली सोडले, तेही बरोबर उंचीवर. मी त्याला शिव्या द्यायच्या ठरवल्या होत्या, त्या तिथंच गिळल्या.

काका केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. चष्मा परत कपाळावर. आधी ट्रेलरकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“बघा,” ते म्हणाले. “मी म्हणत नव्हतो?”

मी म्हटलं, “काका, तो शेरा तेवढा काढा.”

“तो आता निघत नाही,” काका म्हणाले. “सिस्टिममध्ये गेलाय.”