‘डेस्कटॉपचा जमाना गेला’ म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही महिने एक मेसेज सगळीकडे फिरतोय, शिक्षकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, आणि लोक न वाचता पुढे ढकलतायत. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की डेस्कटॉपचा जमाना गेला, सगळी कामं मोबाईलवर होतात, अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सने २०१० सालीच हे सांगून ठेवलं होतं, आता विंडोज १० पण बंद झालंय त्यामुळे जुनी मशीन्स म्हणजे भंगार, ती वीज खातात, सगळं क्लाउडवर असताना ती ठेवायची कशाला, शाळांनी लॅब मोडाव्यात आणि मुलांना टॅब द्यावेत. मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो. शाळांच्या लॅब, पतसंस्था, सेतूवाले, एकदोन प्रेसवाले ही माझी गिऱ्हाइकं. हा मेसेज वाचून मला राग आला तो यासाठी की तो वाचून लोक खरोखर निर्णय घ्यायला लागलेत, चांगली मशीन्स स्क्रॅपच्या यादीत चाललीत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळी कामं मोबाईलवर होतात, हा पहिला मुद्दा. बघायची, पाठवायची, पैसे द्यायची कामं होतात, यात वादच नाही. वेबसाइटच्या भेटी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर या कंपनीने मोजलं तेव्हा ऑक्टोबर २०१६ मध्येच जगात मोबाईल आणि टॅबवरून नेट बघण्याचं प्रमाण डेस्कटॉपच्या पुढे गेलं होतं, ५१.३ टक्के विरुद्ध ४८.७ टक्के, आणि आपल्याकडे तर मोबाईलच मोठा. पण हे आकडे कुठून किती पानं उघडली गेली ते सांगतात, काम कुठे तयार झालं ते नाही सांगत. सातबारा मोबाईलवर दिसतो, बरोबर, पण उत्पन्नाचा दाखला काढायला तुम्ही ज्या सेवा केंद्रात जाता तिथे टेबलावर काय असतं ते आठवा, डेस्कटॉप, स्कॅनर, प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक दिवसभर नोंदी भरतो त्या मोबाईलवर नाही भरत. लग्नपत्रिका, हँडबिल, फ्लेक्स हे सगळं कोरल आणि श्री-लिपीवर डेस्कटॉपवरच बनतं, मग त्याचा फोटो तुमच्या मोबाईलवर येतो. आणि मोबाईलमधली अ‍ॅप्स तरी कुठे बनतात? आयफोनचं अ‍ॅप बनवायला एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं ते फक्त मॅकवर, म्हणजे अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरवर चालतं, अँड्रॉइडची अ‍ॅप्स बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ पण विंडोज, मॅक किंवा लिनक्सच्या मशीनवर चालवतात. म्हणजे ज्या मोबाईलमुळे कॉम्प्युटर नकोसा झाला म्हणतायत तो मोबाईलच कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाच्या जिवावर चालतो.

याच्यापेक्षा मोठी गोष्ट परीक्षांची आहे आणि ती त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. जेईई मेन २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते, एमएचटी-सीईटी पण त्याच वर्षापासून. सरळसेवा भरतीच्या कितीतरी परीक्षा आता सेंटरवर जाऊन मॉनिटरसमोर बसून माऊसने द्यायच्या असतात. क्लार्क-टायपिस्टच्या जागेला मराठीचा मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द टायपिंगचा दाखला लागतो, तो जीसीसी-टीबीसीचा, म्हणजे सरकारी कॉम्प्युटर टायपिंगचा कोर्स करून कीबोर्डवरच मिळतो, मोबाईलवर कितीही भराभर दोन अंगठ्यांनी टाईप करता येत असलं तरी त्याचा तिथे काही उपयोग नाही. आमच्याकडची पोरं मॉक टेस्ट मोबाईलवर सोडवून जातात आणि सेंटरवर पहिली दहा मिनिटं माऊस हाताळण्यात, स्क्रोल कुठे करायचं ते शोधण्यात घालवतात, शहरातल्या मुलाच्या घरी कॉम्प्युटर असतो त्याला हा त्रासच नाही. आता घरी कॉम्प्युटर किती जणांकडे आहे? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशात शहरी भागात २३.४ टक्के घरांमध्ये कॉम्प्युटर होता आणि ग्रामीण भागात ४.४ टक्के. शंभरात चार-पाच घरं. बाकीच्या पंच्याण्णव घरांतल्या पोरांना कीबोर्डला हात लावायला मिळायची जागा एकच, शाळेची लॅब, आणि तीच मोडा असा सल्ला हा मेसेज देतोय. मला हे वाचून जे वाटलं ते सभ्य भाषेत लिहिता येत नाही.

स्टीव्ह जॉब्सचं नाव टाकलं की लोक गप्प बसतात म्हणून ते टाकलेलं दिसतं. त्याने २०१० च्या एका मुलाखतीत पीसीची तुलना ट्रकशी केली होती हे खरंय, की अमेरिका शेतीप्रधान होती तेव्हा सगळ्या गाड्या ट्रकच असायच्या आणि नंतर शहरं वाढली तशा कार वाढल्या. पण त्याच वाक्यांना लागून तो असंही म्हणाला होता की पीसी राहतील आणि त्यांची किंमतही राहील, फक्त वापरणारे कमी होतील. मेसेजमध्ये अर्धंच घेतलंय. आणि त्याच्याच कंपनीने त्यानंतर आजपर्यंत मॅक बनवणं थांबवलेलं नाही.

आता विंडोज १०. इथे जरा थांबून सांगतो कारण सगळ्यात जास्त घबराट याच मुद्द्याने झालीये. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ मशीन बंद पडतं असा नाही, तर सिक्युरिटीचे फुकट अपडेट यायचे थांबतात असा आहे, आणि घरगुती वापरासाठी वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा लागतो. म्हणजे २०१७ साली घेतलेला सातव्या जनरेशनचा आय-फाईव्ह, ज्याच्यावर आजही टॅली, एक्सेल, ब्राउझर सगळं व्यवस्थित चालतं, तो एका अटीमुळे बाहेर. त्यात मशीनचा काही दोष नाही, कंपनीने रेघ तिथे मारली म्हणून ते जुनं झालं, आणि या गोष्टीचा राग कंपनीवर काढायचा सोडून आपण मशीनवर काढतोय.

आणि ‘स्लो झालंय, मेलंय’ म्हणून माझ्याकडे जी मशीन्स येतात त्यांचं सांगतो. कॅबिनेट उघडलं की आत धुळीचा थर असतो, प्रोसेसरचा फॅन जाम, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत, त्यामुळे मशीन तापतं आणि आपोआप बंद होतं, लोक म्हणतात मदरबोर्ड गेला. डिस्प्ले येत नाही म्हणून आणलेल्या कितीतरी मशीनना रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसून परत बसवली की डिस्प्ले येतो. तारीख सारखी मागे जाते, वेबसाइट उघडत नाहीत, तर मदरबोर्डवरचा घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ चा बटण सेल (सीमॉस सेल) संपलेला असतो, तो किराणा दुकानातसुद्धा मिळतो. शाळांच्या लॅबमध्ये तर अर्ध्या वेळा मशीन चांगलंच असतं, यूपीएसची बॅटरी बसलेली असते, १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची असते हे कुणी सांगितलेलंच नसतं, मग लाईट गेली की सगळी मशीन्स धाडकन बंद, विंडोज करप्ट, आणि सर कंटाळून प्लॅस्टिकचं कव्हर घालून लॅबला कुलूप लावतात. ते कव्हर न निघता वर्षं जातात हो. नुसती हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, टाकली आणि रॅम ८ जीबी केली तर चौथ्या जनरेशनचं मशीनसुद्धा एवढं पळतं की मालक परत परत विचारतो, हे तेच आहे ना.

लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या फुकट सिस्टिमचं पण सांगतो, कारण लोक एक तर त्याला घाबरतात नाहीतर त्याची नको तेवढी भलामण करतात. लिनक्स मिंट, त्यातली एक्सएफसीई वाली हलकी आवृत्ती, ४ जीबी रॅमवर शाळेच्या कामाला छान चालते, लिब्रेऑफिस, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, ब्राउझर सगळं फुकट. पण सेतूवाल्याला मी ते टाकून देत नाही, कारण अंगठ्याच्या मशीनचे आणि डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर विंडोजवरच नीट चालतात, प्रेसवाल्याच्या जुन्या फॉन्टच्या फायली पण तिकडे गडबडतात. आणि पेंटियम फोर, जुने डबा मॉनिटर हे खरंच काढून टाका, त्यांच्यासाठी मी भांडणार नाही.

यावर कुणी म्हणेल मग नवीनच घ्या की. घ्या, पण बाजारात काय चाललंय तेही बघा. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते म्हणून २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं, ज्या क्रुशियलच्या रॅम आणि एसएसडी आम्ही वर्षानुवर्षं टाकत आलो. अशा वेळी चालू मशीनमधली चांगली डीडीआर४ रॅम किलोच्या भावाने भंगारवाल्याला द्यायची म्हणजे हातचं घालवायचं.

कंपन्यांनीच डेस्कटॉप सोडलाय, त्याला भविष्य नाही, असाही एक सूर आहे. यात थोडं तथ्य आहे आणि तेच मला जास्त टोचतं. टॅबच्या नादाला लागून या लोकांनी डेस्कटॉप वापरणाऱ्याची फरफट केली. ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं त्यात स्टार्ट बटणच काढून टाकलं, टेबलावर माऊस घेऊन बसलेल्या क्लार्कला टॅबसारख्या मोठ्या टाईल्स दाखवल्या, लोकांनी एवढी ओरड केली की वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं. लिनक्सवालेही काही मागे नव्हते, लिनक्सवर स्क्रीनचा चेहरामोहरा देणारं सॉफ्टवेअर असतं, त्यातलं २०११ ला ग्नोम ३ आलं तेव्हा जुना सरळसाधा डेस्कटॉप गेला, उबुंटू या लिनक्सने युनिटी हा नवा चेहरा आणला, फोन, टॅब, टीव्ही सगळीकडे एकच चेहरा करायच्या मागे लागले आणि एप्रिल २०१७ मध्ये तो सगळा नाद सोडून दिल्याचं जाहीर केलं. पण या सगळ्यातून एक दिसतं की प्रत्येक वेळी वापरणाऱ्यांनी डेस्कटॉप परत मागितला, आणि जिथे मिळाला नाही तिथे स्वतः बनवला, माटे आणि सिनॅमन हे दोन डेस्कटॉप ग्नोम ३ वर नाराज झालेल्या लोकांनीच उभे केलेत आणि आजही चालू आहेत. ज्याला भविष्य नाही त्याच्यासाठी जगभरची माणसं अशी फुकट राबत नाहीत.

क्लाउडचा मुद्दा मी लांबवत नाही. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर, तो वापरायला तुमच्या टेबलावर मोठा स्क्रीन आणि कीबोर्ड लागतोच, आणि आमच्याकडे पावसाळ्यात नेट दोन-दोन दिवस गायब असतं तेव्हा पतसंस्थेची खाती मशीनमधूनच निघतात.

विजेचं पण सरळ आहे. ऑफिसच्या कामाचा डेस्कटॉप एलईडी मॉनिटरसकट साध्या कामाला ६० ते १०० वॅटच्या आसपास घेतो, साधा सिलिंग फॅन ७५ वॅटचा असतो. आठ तास चालवलं तरी पाऊण युनिटच्या आसपास. वीज वाचवायचीच असेल तर डबा मॉनिटर काढा आणि लॅब सुटली की स्विच बंद करा.

राहिले टॅब. टॅब वाईट आहेत असं मी म्हणत नाही, वाचायला, व्हिडिओ बघायला चांगले आहेत. पण शाळेत वाटलेल्या टॅबची बॅटरी फुगली किंवा चार्जिंग पिन गेली की माझ्यासारखा माणूस फार काही करू शकत नाही, सगळं चिकटवून बंद केलेलं, रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, सुटा भाग मिळत नाही. डेस्कटॉपला चार स्क्रू काढले की सातवीच्या पोराला आतलं सगळं दाखवता येतं, हा प्रोसेसर, ही रॅम, हा वीज पुरवणारा एसएमपीएस, आणि बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. केरळने हे कधीच ओळखलं, २००१ पासून त्यांचा शाळांसाठी आयटीचा कार्यक्रम चालू आहे, आज काईट ही त्यांची सरकारी संस्था स्वतःची लिनक्स बनवते आणि ती शाळांमधल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर चालते, शिक्षकांना ट्रेनिंग देते. आपल्याकडे २००१ मध्येच एमएस-सीआयटी सुरू झालं, लाखो लोकांनी ते केलं, म्हणजे गावोगाव माऊस धरायला शिकवणारी माणसं आपल्याकडे तयार होती, पण शाळेतल्या मशीनची देखभाल कुणी करायची हे मात्र कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. लॅब उद्घाटनाला पैसे असतात, बॅटरीला नसतात.

आणि भंगारात दिलेलं मशीन जातं कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, त्यातला रीतसर रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. बाकीच्यातलं बरंच तारा जाळून तांबं काढणाऱ्यांच्या हातात आणि त्यांच्या पोरांच्या फुफ्फुसात जातं.

तेव्हा मुख्याध्यापक, सरपंच, संस्थाचालक जे कुणी हे वाचत असतील त्यांना सांगणं एवढंच, स्क्रॅपची यादी करताना प्रत्येक मशीनपुढे नेमकं काय बिघडलंय ते लिहायला लावा, नुसतं ‘नादुरुस्त’ चालवून घेऊ नका. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही ते मशीन यादीतून काढा. आमच्या तालुक्यातल्या शाळांनी सही करायच्या आधी मला एक फोन करा, मी येऊन सगळी मशीन्स उघडून बघतो, बघायचे पैसे घेणार नाही.